रेड वाइन आणि चहाची गाळणी

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात रेड वाइनची पहिली बाटली कुणी विकत आणत नाही. ती येते. दिवाळीत मुलाच्या कंपनीकडून काजू-बदामाच्या डब्यासोबत येते, परदेशातून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून येते, नाहीतर वास्तुशांतीला कुणीतरी चकचकीत पिशवीत घालून दारातच हातात कोंबतं आणि "नंतर बघा" असं पुटपुटत जेवणाच्या पंगतीकडे पळ काढतं. आल्यावर तिचं काय करायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. फेकवत नाही, कारण महाग दिसते. देवघराच्या आसपास ठेवता येत नाही. स्वयंपाकघरात सासूबाई असतात. मग ती शोकेसमध्ये जाते आणि संगमरवरी ताजमहाल व नातवाची वक्तृत्वाची ढाल यांच्यामध्ये उभी राहते.

उभी राहते, इथेच पहिला घोटाळा. बुचाची बाटली आडवी ठेवायची असते, म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही आणि आत हवा शिरत नाही. उजेड आणि उष्णता हे वाइनचे आणखी दोन वैरी. नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या नानांच्या शोकेसमध्ये दोन्हींची चोख सोय होती. वर ट्यूबलाइट, मागे पश्चिमेची भिंत. असे नाना घरोघर आहेत. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एवढंच वेगळेपण.

"असू दे. जितकी जुनी तितकी भारी," असं म्हणत नानांनी त्या बाटलीला तीन मे महिने दाखवले. प्रत्यक्षात जगातली बहुतेक रेड वाइन बाजारात आल्यापासून काही वर्षांत पिऊन संपवावी याच बेताने केलेली असते. पंचवीस-तीस वर्षं मुरणाऱ्या बाटल्या मोजक्या, आणि त्या अंधाऱ्या तळघरात, बारा-चौदा अंशांवर निवांत पडून असतात. ताजमहालाशेजारी कुणी मुरत नाही.

बाटली उघडायचं ठरलं ते जावईबापूंमुळे. जावईबापू पुण्याचे, संगणकातले, आणि कंपनीच्या सहलीत एका वायनरीत तासाभराचं टेस्टिंग करून आलेले. तेवढ्यावर त्यांनी पेला देठाला धरणं, डोळे अर्धवट मिटणं आणि "हं…" म्हणून थांबणं या तीन गोष्टी आत्मसात केल्या होत्या. सासरेबुवांना शास्त्रशुद्ध वाइन पाजायची असा त्यांनी विडा उचलला.

मुहूर्त काढणं सोपं नव्हतं. सोमवारी नानांचा उपास, गुरुवारी त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, शनिवारी मेहुण्यांचा मारुती. मधल्या बुधवारी संकष्टी निघाली. अखेर एप्रिलमधला एक रविवार सापडला. काकूंनी मटणाचा बेत ठरवला आणि एक बाटली सहा जणांना पुरायची नाही म्हणून दुसरी आणायला नाना स्वतः निघाले.

आपल्याकडच्या वाइन शॉपात व्हिस्की, रम, बिअर हाताशी असते; वाइन असते ती सगळ्यात वरच्या फळीवर. ती काढायला स्टूल लागतं.

"पाहुणे येणार आहेत," नानांनी कुणी न विचारताच खुलासा केला.

"काय देऊ?"

"रेड वाइन. म्हणजे… डॉक्टरांनी सांगितलंय."

"गोड देऊ की तुरट?"

नाना गडबडले. हॉटेलात भाजीबद्दल विचारलं की जे म्हणायची सवय, तेच तोंडून गेलं. "मीडियम."

दुकानदारानं स्टूलवर चढून, फडक्यानं धूळ झटकून एक कॅबरने-शिराझ खाली काढली. पिशवीत टाकणार एवढ्यात नानांनी हळूच विचारलं, "परवाना लागतो ना हो प्यायला?" प्रश्न बरोबर होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल अजून आहे, त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि वाइनसाठी वय किमान २१ हवं. दुकानदारानं नानांकडे आदरानं पाहिलं. "काका, इतक्या वर्षांत विचारणारे तुम्ही पहिलेच," असं म्हणून त्यानं बाटली कालच्या अग्रलेखात गुंडाळून दिली.

राहता राहिले ते डॉक्टर. रेड वाइन हृदयाला चांगली, हे सांगणारे डॉक्टर प्रत्येकाला भेटलेले असतात, पण त्यांचं नाव कुणाला आठवत नाही. ही गोष्ट गाजली ती नोव्हेंबर १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून. फ्रेंच लोक इतकं लोणी आणि चीज खाऊनही हृदयविकारानं कमी का मरतात, असा सवाल होता, आणि रेड वाइनचा पेला हे संभाव्य उत्तर. कार्यक्रमानंतर अमेरिकेत रेड वाइनचा खप धडाक्यानं वाढला. लोणी सोडायला सांगितलं असतं तर इतका उत्साह दिसला नसता. पुढे शास्त्रज्ञांचा सूर बदलत गेला, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ सांगितलं की मद्याचं कोणतंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. नानांपर्यंत १९९१ ची बातमी पोचली होती, २०२३ ची वाटेत होती.

त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र वाइन म्हणजे दारू की नाही यावर भांडला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बारगळला. त्या वादात हिरिरीनं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी वाइन चाखली नव्हती, पण आपल्याकडे मत व्हायला तेवढी अट कधीच नव्हती. नाना दोन्ही बाजूंनी बोलले होते. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये विरोधात, संध्याकाळच्या ग्रुपमध्ये बाजूने.

रविवारी संध्याकाळी सहाला जावईबापूंनी ताबा घेतला. "रेड वाइन नेहमी रूम टेंपरेचरला घ्यायची," त्यांनी पहिला नियम सांगितला आणि दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या.

ज्या खोल्यांवरून हा नियम आला, त्या युरोपातल्या जुन्या दगडी घरांतल्या. तिथे सर्वत्र हीटर बसण्यापूर्वी दिवाणखान्यात सोळा-अठरा अंश तापमान असे, आणि रेड वाइनला ते मानवतं. नानांच्या दिवाणखान्यात एप्रिलच्या त्या संध्याकाळी पंखा पाचावर असूनही चौतीस होतं. एवढ्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात चढतं. बाकीचे सुगंध मागे राहतात.

"फ्रिजमध्ये टाका हो अर्धा तास," दारातूनच शेजारचे अण्णा म्हणाले.

"अण्णा, व्हाइट वाइन फ्रिजमध्ये ठेवतात. रेड नाही."

"मग बाटलीला घाम का फुटलाय?"

अण्णा दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी आटपून आले होते आणि त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती. बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. जावईबापूंनी मोबाइलवर तपासून पाहिलं आणि काही न बोलता मोबाइल खिशात ठेवला.

तो अर्धा तास अण्णांनी भरून काढला. युरोपात थंडीमुळे वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपायचं नावच घेत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरात, नाशिकला जानेवारी ते मार्च. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी टपोरी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया, आणि तरीही साखर टेबलावरच्या द्राक्षांपेक्षा जास्त भरते. ती साखर यीस्टनं खाल्ली की अल्कोहोल तयार होतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस जवळजवळ बिनरंगीच असतो. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून, कारण ती सालींसकट आंबवतात.

"म्हणजे पायानं तुडवतात ना?" मेहुण्यांनी विचारलं.

"ते पर्यटकांसाठी. फोटो काढून झाले की पाय धुवायला लावतात."

अण्णांच्या तरुणपणी वाइनला लावायची द्राक्षं म्हटलं की लोक हसत. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावात फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन बनवून परदेशात पाठवली, तेव्हा ती इथल्या लोकांपेक्षा तिथल्यांना जास्त माहीत झाली. मग अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नाशिकजवळ वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात, मोहिते-पाटलांनी इटालियन बंधूंना भागीदार घेऊन सांजोव्हेजे नावाची द्राक्षं लावली. आता शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. नाशिकला पूर्वी लोक पापं धुवायला येत. हल्ली ती करायलाही येतात, असं अण्णा म्हणाले आणि काकूंकडे बघून गप्प झाले.

आता जुनी बाटली. मान राखायचा म्हणून तीच आधी.

घरात कॉर्कस्क्रू नव्हता. जावईबापूंच्या किल्ल्यांना एक स्विस चाकू होता, त्यातला स्क्रू त्यांनी बुचात फिरवला आणि ओढला. अर्धं बूच बाहेर आलं. उरलेल्या अर्ध्यात स्क्रू घातला, तर त्याचा भुगा झाला. तीन उन्हाळे उभं राहून ते वाळून खडखडीत झालं होतं. बुचाचा ओक वृक्ष साधारण पंचवीस वर्षांचा झाला की त्याची पहिली साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी, आणि जगातलं सुमारे निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. शेतकऱ्यानं नऊ वर्षं वाट पाहून काढलेल्या सालीचा जावईबापूंनी नऊ मिनिटांत भुसा केला.

"द्या इकडे," मेहुणे म्हणाले. मेहुण्यांनी यूट्यूबवर बाटलीचं बूड बुटात घालून भिंतीवर आपटायची युक्ती पाहिली होती. काकूंनी भिंतीला नुकताच दिलेला रंग दाखवला. मग लाटणं आणलं. लाटण्याच्या टोकानं बूच आत ढकललं, ते गेलं, आणि आतल्या वाइननं कारंज्यासारखी उसळी मारली. एक थेंब भिंतीवरच्या कालनिर्णयवर उडाला. नेमका एकादशीवर.

"बुचाचे तुकडे आहेत आत," जावईबापू हताशपणे म्हणाले.

काकू उठल्या आणि चहाची गाळणी घेऊन आल्या. जावईबापूंचा चेहरा पडला. पडायचं कारण नव्हतं. जुन्या रेड वाइनच्या तळाशी गाळ बसतो, आणि तो पेल्यात येऊ नये म्हणून भल्या भल्या घराण्यांतही वाइन जाळीच्या नरसाळ्यातून काचेच्या सुरईत ओततात. त्यांची गाळणी चांदीची असते. काकूंच्या गाळणीला आल्याचा वास होता. सुरई म्हणून ताकाचा काचेचा जग आला.

जगमधली वाइन विटकरी दिसत होती. सर्वांनी घोट घेतला. कुणी काही बोलेना. जावईबापू शेवटी "हं…" म्हणाले. "छान मुरलीय," नाना म्हणाले, कारण तीन वर्षं त्यांनीच मुरवली होती. मेहुणे म्हणाले, "वेगळीच आहे." अण्णांनी पेला खाली ठेवला. "आंबलीय," ते म्हणाले. "व्हिनेगर झालंय हे."

काकूंनी जग उचलून आत नेला आणि त्यात कांदे चिरून टाकले.

नव्या बाटलीला मात्र जावईबापूंनी शांतपणे स्विस चाकू लावला. वरचं आवरण खरवडलं, स्क्रू मधोमध टेकवला, दाब दिला. स्क्रू वाकडा झाला. पुन्हा लावला. मग सात-आठ वर्षांच्या नातवानं येऊन टोपण पाण्याच्या बाटलीसारखं फिरवलं आणि ते कडकन उघडलं. नानांना फसवल्यासारखं झालं. "फिरकीचं झाकण? खोकल्याच्या औषधाला असतं तसलं?" पण न्यूझीलंडमधली बहुतांश वाइन हल्ली याच टोपणात येते, बुचामुळे लागणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात येत नाही. टोपणावरून प्रत ठरवणं म्हणजे पत्रिकेच्या कागदावरून जेवण ठरवणं. अर्थात, आपण तेही करतो.

आता ओतणं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच पेले होतात. मोठ्या पोटाच्या पेल्यात वाइन एक तृतीयांशच भरायची असते, वरची मोकळी जागा सुगंधासाठी. जावईबापूंनी शेजारून मागून आणलेल्या सहा पेल्यांत त्याहूनही जपून थोडी थोडी ओतली आणि मागे सरले.

काकू बघत राहिल्या. "एवढीशी?"

"आई, एवढीच घालतात."

"अहो, तळ झाकला नाही धड. पाहुण्यांना असं वाढतात? उद्या लोक म्हणतील, जावयानं हात आखडता घेतला."

महाराष्ट्रातल्या यजमानीणबाईपुढे फ्रेंच शिष्टाचार टिकणं शक्य नाही. ताटात रिकामी जागा दिसली की तिचा हात आपोआप पुढे येतो. काकूंनी बाटली उचलली आणि नानांचा पेला काठोकाठ भरला, मग अण्णांचा. बाटली संपली. दोघांपुढे प्रत्येकी पाव लिटरच्या वर, बाकीच्यांकडे चमचाभर, आणि जावईबापूंच्या शास्त्रात पुढची पायरी होती ती म्हणजे पेला गरागरा फिरवणं.

नानांनी फिरवला.

लग्नात आलेला पांढरा टेबलक्लॉथ, पन्नास वर्षं फक्त सणाला बाहेर काढलेला. त्यावर तळहाताएवढा जांभळा डाग पसरला. काकूंनी मूठभर मीठ टाकलं, मिठानं जमेल तेवढं शोषून घेतलं. मग त्यांनी साबणाची पूड चोळली आणि डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळा झाला. सगळे घाबरले. रेड वाइनचा रंग ज्या रंगद्रव्याचा असतो, ते आम्लात लाल आणि साबणासारख्या अल्कलीत निळं दिसतं. जांभळाच्या डागाचंही असंच होतं. काकूंना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण स्वयंपाकघर येत होतं. त्यांनी लिंबू पिळलं. डाग गुलाबी झाला. "आता धोब्याकडे," त्या म्हणाल्या, आणि नानांकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला कुठलंच लिंबू पुरलं नसतं.

पेला फिरवल्यावर आतल्या काचेवरून थेंब ओघळतात. जावईबापूंनी ते दाखवले. "याला लेग्ज म्हणतात. जितके जाड, तितकी वाइन उंची." नाना पुढे झुकले. पाणी वर चढून खाली येतंय हे दिसताच त्यांच्यातला पाटबंधारेवाला जागा झाला होता.

"वर चढतंय कसं पण?"

जावईबापूंना हे टेस्टिंगमध्ये सांगितलं नव्हतं. १८५५ मध्ये जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञानं ते सांगून ठेवलं आहे. काचेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडून जातं, मागे पाण्याचा अंश वाढतो, पाण्याचा पृष्ठताण जास्त, म्हणून तो थर खालून आणखी वाइन वर खेचतो. ती जड झाली की थेंब होऊन ओघळते. त्यावरून अल्कोहोल किती आहे याचा अंदाज येतो. वाइन उंची की हलकी, ते थेंबांना ठाऊक नसतं. नाना पंधरा मिनिटं पेला डोळ्यांपुढे धरून बसले. वाइनमध्ये त्यांना पहिल्यांदाच रस वाटला.

मग वास. हा खरा कसोटीचा भाग, कारण चव सगळ्यांना येते आणि वास फक्त जाणकारांना, असा समज आहे. जावईबापूंनी नाक पेल्यात घातलं. "लेदर… तंबाखू… सीडारचं लाकूड…"

"घरात सीडार कधी बघितलंत तुम्ही?" त्यांच्या पत्नीनं विचारलं. इतका वेळ ती गप्प होती.

वाइनच्या वासांना नावं द्यायची सोय १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ॲन नोबल या प्राध्यापिकेनं केली. त्यांनी वासांचं एक चक्र काढलं. मधल्या गोलात फळं, मसाले, लाकूड असे ढोबळ गट, बाहेरच्या गोलात नेमके वास. त्यात स्ट्रॉबेरी आहे, लवंग आहे आणि घोडाही आहे. हे ऐकल्यावर मेहुण्यांना पेल्यात घोडा सापडला, आणि नंतर त्यांना घोड्याशिवाय काही सापडेना.

काकू पीत नव्हत्या. डागावर पाणी मारायला आल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी वाकून वास घेतला. "ढोबळी मिरची," त्या म्हणाल्या. "कच्च्या ढोबळी मिरचीचं देठ तोडलं की येतो ना, तसा."

सगळे हसले. जावईबापूंनी समजूतदारपणे मान हलवली. पण त्या खोलीत त्या संध्याकाळी अचूक बोललेल्या त्या एकट्याच. कॅबरने द्राक्षात जे द्रव्य असतं, तेच ढोबळी मिरचीत असतं. द्राक्ष थोडं कमी पिकलं की ते जास्त जाणवतं. शिराझमध्ये येणारा मिऱ्यांचा वासही खरोखर मिऱ्यांतल्याच द्रव्याचा, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवून दिलं. त्याच संशोधनात साधारण पाचात एका माणसाला तो वास येतच नाही असं आढळलं. नाना त्या पाचव्यांतले. "मला काही येत नाही बुवा," असं ते प्रामाणिकपणे म्हणाले, तेव्हा घरातल्यांनी त्यांच्या तपकिरीला दोष दिला.

वास न येणाऱ्यांना दिलासा वाटावा असा एक प्रयोग बोर्दोत होऊन गेला. तिथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, वर्णन लिहायला सांगितलं. नंतर त्यांना एक लाल वाइन दिली, ती खरं म्हणजे तीच पांढरी वाइन, वासचव नसलेला लाल रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिच्यात रेड वाइनचे सगळे वास बिनचूक शोधून काढले. २००१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. रंग बघून वास येतो, असा त्याचा मथितार्थ, आणि हे विद्यार्थी वाइनच्या राजधानीतले होते. जावईबापू एका तासात त्यांच्या बरोबरीला आले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पिणं सुरू झालं आणि शास्त्र कोलमडलं. मेहुण्यांना तुरटपणा सोसेना. तुरटपणाचं म्हणाल तर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि जीभ खरखरीत होते. कच्ची सुपारी आणि जांभूळ खाल्लेल्या माणसाला हे सांगायला नको. मेहुण्यांनी पेल्यात सोडा ओतला.

"अहो काका! वाइनमध्ये सोडा?"

जुने ग्रीक वाइनमध्ये पाणी घातल्याशिवाय पीत नसत. निर्भेळ पिणाऱ्याला रानटी समजत. स्पेनमध्ये उन्हाळ्यात रेड वाइनमध्ये बर्फ आणि गोड सोडा सर्रास घालतात. मेहुणे एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या घोटात कोला ओतला. जावईबापूंनी कपाळाला हात लावला आणि सवयीनं मोबाइल काढला. स्पेनच्या बास्क प्रांतात रेड वाइन आणि कोला निम्मं निम्मं घालून पितात, त्याला कालिमोचो म्हणतात, आणि जत्रांमध्ये तो बादल्यांनी खपतो. मोबाइल पुन्हा खिशात गेला.

मग आत्या आल्या. आत्यांना चार दिवस सर्दी. त्यांनी नानांच्या पेल्यातली निम्मी वाइन पातेल्यात ओतली, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, संत्र्याची साल आणि साखर घातली आणि काढ्यासारखी गरम केली.

"हे मात्र अति होतंय," जावईबापू म्हणाले.

"फ्रँकफर्टला डिसेंबरात रस्त्यावर हेच विकतात," आत्या फुंकर घालत म्हणाल्या. त्यांचा मुलगा तिकडे असतो. "ग्लूवाइन म्हणतात. कपाचं डिपॉझिटसुद्धा घेतात मेले."

इतक्यात दारावर सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीचं विचारायला आलेले. नाना दारात गेले, हसून "या या" म्हणाले. दात, ओठ, जिभेचं टोक, सगळं जांभळं.

"नाना, जांभळं? एवढ्यात?"

"लवकर आली यंदा," नाना म्हणाले. एप्रिल होता. सेक्रेटरींनी खोलवर श्वास घेतला, टाकीचा विषय सोडला आणि आत आले.

मटण वाढलं गेलं. झणझणीत रश्शाबरोबर रेड वाइन घेऊ नये, असं जावईबापू सांगत होते. ते खरंच आहे. तिखटानं अल्कोहोल आणखी चटका देतं आणि तुरटपणा अंगावर येतो. काकूंना हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वाइन रद्द केली असती, रस्सा नव्हे. दोन घासांनंतर सर्वांचे पेले बाजूला सरले आणि पाण्याचे तांबे पुढे आले.

अण्णा मात्र सावकाश जेवत होते. वाटीत तळाशी दोन घोट रस्सा उरला, पेल्यात अर्धी वाइन. त्यांनी पेला वाटीत उपडा केला, वाटी गोल फिरवली, दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

जावईबापूंनी मोबाइल काढलाच नाही. काढला असता तर कळलं असतं की फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातले शेतकरी पिढ्यानपिढ्या सूपच्या शेवटच्या घोटात रेड वाइन ओतून ताटलीच तोंडाला लावतात. शाब्रो म्हणतात त्याला.

अण्णांनी वाटी खाली ठेवली, धोतराच्या सोग्याला ओठ पुसले.

"वाइन वाईट नव्हती हो," ते म्हणाले. "मीठ नव्हतं घातलं."